अतिदक्षता विभागातील कोविड रुग्णांच्या वैद्यकीय गुंतागुंती : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

कोविड-१९ च्या साथीत अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णांना मूळ श्वसनरोगाखेरीज रक्ताच्या गुठळ्या, मूत्रपिंडाची निकामी अवस्था, जंतुसंसर्ग, भ्रमावस्था, स्नायूंची क्षीणता आणि बुरशीजन्य आजार अशा अनेक गुंतागुंतींना तोंड द्यावे लागले. प्रस्तुत शोधनिबंधात या गुंतागुंतींचा विचार अतिदक्षता उपचारांच्या सुमारे सत्तर वर्षांच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर केला आहे. या गुंतागुंती रोग, उपचार आणि व्यवस्था अशा तीन उगमांतून निर्माण होतात. त्यांपैकी उपचार व व्यवस्था यांतून येणाऱ्या गुंतागुंती प्रशिक्षित मनुष्यबळाच्या उपलब्धतेवर अवलंबून असतात, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वसन, कोविड-१९, म्युकरमायकोसिस, परिचर्या, वैद्यकाचा इतिहास.

१. प्रस्तावना

३० जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नव्या कोरोना विषाणूच्या प्रसाराला आंतरराष्ट्रीय चिंतेची आरोग्य आणीबाणी म्हणून घोषित केले. ही आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपुष्टात आल्याचे त्याच संघटनेने जाहीर केले. महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्यानंतर दीर्घकाळ राज्यातील वृत्तपत्रांत दररोज तीन आकडे प्रसिद्ध होत राहिले : बाधित, बरे होऊन घरी गेलेले आणि मृत. साथीचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाला हे तीन आकडे सहज उपलब्ध आहेत. परंतु या तीन रकान्यांच्या मधली जागा मात्र कोरी आहे. अतिदक्षता विभागात वीस-पंचवीस दिवस काढलेला, मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिसवर गेलेला, किंवा घरी परतल्यावर स्वतःच्या हाताने घास घेऊ न शकणारा रुग्ण या तक्त्यात फक्त 'बरा झालेला' म्हणून नोंदला गेला.

एखादा रोग सुरू असताना त्याच्याच परिणामी किंवा त्यावरील उपचारांमुळे दुसरा विकार उद्भवणे याला वैद्यकशास्त्रात गुंतागुंत असे म्हणतात. या संज्ञेचा विचार सामान्यतः वैद्यकीय अभ्यासक्रमापुरता मर्यादित राहतो. वस्तुतः कोणत्या गुंतागुंती अटळ मानल्या गेल्या, कोणत्या टाळता येण्याजोग्या ठरल्या आणि हा निर्णय कोणत्या अनुभवातून झाला, हा इतिहासाचाही विषय आहे. या दृष्टीने प्रस्तुत निबंधाची मांडणी केली आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) अतिदक्षता विभागाच्या उगमाचा व विकासाचा थोडक्यात आढावा घेणे.
२) कोविड रुग्णांमधील प्रमुख गुंतागुंतींचे स्वरूप व त्यांची कारणे समजून घेणे.
३) महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे वैद्यकीय गुंतागुंत आणि आरोग्यव्यवस्था यांचा संबंध तपासणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले अभ्यास व सार्वजनिक नोंदीतील घटना यांचा आधार घेतला आहे. औषधोपचाराविषयी मार्गदर्शन करणे हा या निबंधाचा हेतू नाही.

३. अतिदक्षता विभागाचा उगम : कोपनहेगन, १९५२

गंभीर रुग्णांना एकत्र ठेवून त्यांच्यावर सतत लक्ष ठेवण्याची कल्पना जुनी असली, तरी आजच्या अर्थाने अतिदक्षता विभागाचा आरंभ डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील १९५२ च्या पोलिओ साथीत झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या वर्षीच्या जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत शहरातील ब्लेग्डाम रुग्णालयात पोलिओचे सुमारे २७०० रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी ३०० हून अधिक रुग्णांचे श्वसनाचे किंवा गिळण्याचे स्नायू लुळे पडले होते. रुग्णालयात एक 'लोखंडी फुप्फुस' आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे एवढीच साधने होती. अमेरिकेतील फिलिप ड्रिंकर व लुई अगासी शॉ यांनी १९२८ मध्ये तयार केलेले लोखंडी फुप्फुस म्हणजे रुग्णाचे मानेखालचे संपूर्ण शरीर सामावून घेणारी बंद पेटी होय. पेटीतील हवेचा दाब कमी-जास्त करून छाती हलवली जाई. परंतु ज्यांना गिळता येत नव्हते अशा रुग्णांच्या घशातील लाळ फुप्फुसांत उतरत असे व तेथे ही यंत्रे निरुपयोगी ठरत. पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख वैद्य हेन्री लासेन यांनी ऑगस्टच्या अखेरीस भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना सल्ल्यासाठी बोलावले. मृत रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेटचे प्रमाण फार वाढलेले आढळे. हा पोलिओचाच एखादा अज्ञात परिणाम असावा, असा तोपर्यंतचा समज होता. इब्सेन यांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. रुग्णांना ऑक्सिजन मिळत असल्याने त्यांचा वर्ण चांगला दिसे, पण श्वास अपुरा पडल्याने शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत जाई. मृत्यूचे कारण अपुरे श्वसन होते. २७ ऑगस्ट १९५२ रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यात आली व रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यात आली. ती मुलगी वाचली.

हा उपाय यशस्वी ठरला, पण तो अमलात आणण्यासाठी यंत्रे नव्हती. साथीच्या ऐन भरात एकाच वेळी सुमारे ७० रुग्णांना अशा श्वसनाची गरज होती. अखेर वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाचारण करण्यात आले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्यापाळ्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून, एकूण सुमारे १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. श्वसनाचा पक्षाघात झालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून सुमारे ४० टक्क्यांपर्यंत खाली आले. पुढे १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगन येथीलच दुसऱ्या रुग्णालयात सर्व प्रकारच्या गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला.

या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व दुहेरी आहे. रोगाचा परिणाम म्हणून गृहीत धरलेली एक गुंतागुंत प्रत्यक्षात अपुऱ्या उपचाराचा परिणाम होती, हे येथे प्रथम ठळकपणे सिद्ध झाले. दुसरे असे की, विद्युत श्वसनयंत्रांचा सर्वत्र प्रसार होण्याआधीच अतिदक्षता विभाग अस्तित्वात आला व तो माणसांच्या हातांवर उभा राहिला.

भारतात मुंबईसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत धनुर्वाताच्या रुग्णांवरील उपचारांतून या शाखेचा पाया घातला गेला. त्यात डॉ. फारोख उदवाडिया यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. १९९३ मध्ये अतिदक्षता वैद्यकाच्या भारतीय संघटनेची स्थापना झाली. तथापि, या सेवा दीर्घकाळ महानगरांतच केंद्रित राहिल्या. कोविडच्या काळात या असमतोलाचे परिणाम प्रकर्षाने जाणवले.

४. उपचारजन्य गुंतागुंतीची ओळख

श्वसनयंत्रामुळे रुग्ण जगू लागले, पण त्याचबरोबर नवे विकार दिसू लागले. १९६७ मध्ये अमेरिकेतील ॲशबॉ, पेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. आजाराची मूळ कारणे वेगवेगळी असूनही या सर्वांची फुप्फुसे सारख्याच रीतीने ताठर झाली होती व त्यांत पाणी साठले होते. या अवस्थेला पुढे तीव्र श्वसनक्लेश लक्षणसमूह, म्हणजेच 'एआरडीएस' असे नाव मिळाले. कोविडने अतिदक्षता विभागात पोहोचलेल्या बहुसंख्य रुग्णांची अवस्था हीच होती.

अशा फुप्फुसाचा बराचसा भाग हवा घेण्यास असमर्थ असतो. त्यामुळे यंत्राने नेहमीच्या प्रमाणात हवा भरल्यास उरलेला निरोगी भाग अतिरिक्त ताणला जातो व त्यालाही इजा होते. ही इजा केवढी घातक ठरू शकते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवून दिले. शरीराच्या अपेक्षित वजनानुसार दर किलोग्रॅमला १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. असलेले यंत्र सौम्यपणे वापरणे एवढाच बदल होता.

याच सुमारास गुंगीच्या औषधांविषयीही पुनर्विचार झाला. रुग्णाला अखंड गुंगीत ठेवण्याऐवजी रोज एकदा औषध थांबवून जागे केल्यास श्वसनयंत्रावरील दिवस कमी होतात, असे २००० सालच्याच आणखी एका अभ्यासात आढळले. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये प्रामुख्याने झालेल्या ४६६ रुग्णांच्या अभ्यासात तीव्र स्वरूपाच्या रुग्णांना दररोज किमान १६ तास पालथे झोपवल्याने २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले.

वरील तिन्ही शोधांत एक समान सूत्र आढळते. कमी हवा देताना रक्तातील वायूंचे प्रमाण वारंवार तपासावे लागते. जाग्या रुग्णाजवळ सतत कोणीतरी असावे लागते, अन्यथा तो नळी ओढून काढण्याचा संभव असतो. नळ्या व वाहिन्या सांभाळून रुग्णाला पालथे करण्यासाठी चार-पाच माणसे लागतात. अर्थात, उपचारजन्य गुंतागुंत कमी करण्याचा प्रत्येक मार्ग हा अधिक प्रशिक्षित हातांची मागणी करणारा होता.

५. कोविड-१९ : गुंतागुंतींचे स्वरूप

अ) ऑक्सिजनची सुप्त न्यूनता : कोविडच्या अनेक रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत उतरलेले असूनही ते शांतपणे बोलत-चालत असल्याचे आढळले. श्वास कोंडल्याची जाणीव मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. या रुग्णांत आरंभी तो वायू बाहेर पडत राही, त्यामुळे धोक्याची सूचना मिळत नसे. १९५२ मध्ये रुग्णाचा वर्ण फसवा होता, तर २०२० मध्ये त्याचे सहज बोलणे फसवे ठरले. ही न्यूनता ओळखण्यासाठी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर उपयोगी पडला. त्यामागील तत्त्वाचा शोध जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात लावला होता. त्यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे त्यांचा शोध घरोघरी पोहोचत असतानाच झाले. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आरोग्य पथकांनी घरोघर जाऊन ऑक्सिमीटरने तपासणी केली. तरीही अनेक रुग्ण रुग्णालयात उशिरा पोहोचले व थेट अतिदक्षता विभागात दाखल झाले.

आ) फुप्फुसांची इजा व जंतुसंसर्ग : साथीच्या आरंभी रुग्णाला लवकर श्वसनयंत्रावर घ्यावे की थांबावे, याविषयी मतभेद होते. इटलीच्या लोम्बार्डी प्रांतातील अतिदक्षता विभागांत २० फेब्रुवारी ते १८ मार्च २०२० या काळात दाखल झालेल्या १५९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांपैकी ज्यांच्या श्वसनोपचाराची माहिती उपलब्ध होती, अशा रुग्णांतील ८८ टक्के रुग्णांना नळी घालून कृत्रिम श्वसन द्यावे लागले. पुढे दाबाने दिलेला ऑक्सिजन व जागेपणी पालथे झोपणे यांचा वापर वाढला आणि काही रुग्णांच्या बाबतीत नळी घालणे टाळता आले. दीर्घकाळ श्वसनयंत्रावर राहिलेल्या रुग्णांत नळीवाटे होणारा जंतुसंसर्ग ही मोठी समस्या ठरली. युरोपातील एका बहुकेंद्री अभ्यासात नळी घातलेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत श्वसनमार्गाचा असा संसर्ग आढळला. इन्फ्लुएंझाच्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते.

इ) रक्ताच्या गुठळ्या : कोविड हा केवळ फुप्फुसांचा आजार नाही, हे सर्वप्रथम गुठळ्यांच्या प्रमाणावरून ध्यानात आले. एप्रिल २०२० मध्ये नेदरलँड्समधील अतिदक्षता विभागांतील १८४ रुग्णांच्या अभ्यासात ३१ टक्के रुग्णांना अशी गुंतागुंत झाल्याचे आढळले. विशेष म्हणजे या सर्वांना गुठळ्या रोखणारे औषध नेहमीच्या मात्रेत दिले जात होते. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला विषाणू व दाह यांमुळे होणारी इजा हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. मग मात्रा वाढवावी, असा स्वाभाविक विचार पुढे आला व अनेक ठिकाणी तसे केलेही गेले. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत असे दिसले की, हेपॅरिनची पूर्ण मात्रा मध्यम आजाराच्या रुग्णांना उपयोगी पडते, अतिदक्षता विभागातील रुग्णांना मात्र तिचा लाभ होत नाही. एकाच औषधाचा परिणाम रोगाच्या टप्प्यानुसार बदलतो, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ई) मूत्रपिंडांची निकामी अवस्था : न्यूयॉर्क परिसरातील रुग्णालयांत दाखल झालेल्या ५४४९ रुग्णांच्या अभ्यासात ३६.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली. श्वसनयंत्रावरील रुग्णांत हे प्रमाण ८९.७ टक्के, तर इतरांत २१.७ टक्के होते. रक्तदाब घसरणे, दाह, गुठळ्या आणि यंत्राच्या दाबामुळे रक्ताभिसरणावर येणारा ताण अशी अनेक कारणे येथे एकत्र येतात. श्वसनयंत्र व डायलिसिस यंत्र या दोहोंची गरज एकाच रुग्णाला एकाच वेळी पडल्याने लहान रुग्णालयांची क्षमता अपुरी पडली.

उ) भ्रमावस्था : दिवस-रात्रीचे भान नसणे, जवळच्या माणसांना न ओळखणे, बरळणे, नळ्या ओढणे ही अतिदक्षता विभागातील भ्रमावस्थेची लक्षणे होत. बोलीभाषेत याला 'वात झाला' असे म्हटले जाते. १४ देशांतील २०८८ कोविड रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५४.९ टक्के रुग्णांत ही अवस्था आढळली. गुंगीसाठी वापरलेल्या विशिष्ट गटातील औषधांमुळे तिची शक्यता वाढत होती. प्रत्यक्ष किंवा दूरदृश्य माध्यमातून नातेवाइकांची भेट घडल्यास ती कमी होत होती. वीस वर्षांच्या अभ्यासातून गुंगी कमी देण्याचा धडा वैद्यकशास्त्राने घेतला होता. मनुष्यबळाची टंचाई, संसर्गाची भीती आणि भेटीवरील बंदी यांमुळे तो अनेक ठिकाणी मागे पडला व रुग्ण पुन्हा दीर्घकाळ गाढ गुंगीत ठेवले गेले.

६. स्टेरॉइड आणि काळी बुरशी

साथीच्या आरंभी कोविड रुग्णांना सरसकट स्टेरॉइड देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना होती. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले व हे चित्र बदलले. ६४२५ रुग्णांच्या या अभ्यासात डेक्सामेथासोन हे जुने व स्वस्त औषध रोज ६ मिलिग्रॅम, कमाल १० दिवस दिले गेले. श्वसनयंत्रावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवरील रुग्णांतही ते २६.२ टक्क्यांवरून २३.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र या औषधाचा कोणताही लाभ झाला नाही.

या निष्कर्षाचा पहिला भाग सर्वत्र पोहोचला, दुसरा भाग तितक्या प्रमाणात पोहोचला नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयात खाट मिळेल की नाही, या भीतीपोटी घरीच असलेल्या सौम्य रुग्णांनाही स्टेरॉइड दिले गेल्याचे, तसेच मात्रा व कालावधी यांच्या मर्यादा ओलांडल्या गेल्याचे दिसून आले. स्टेरॉइडमुळे रोगप्रतिकारशक्ती कमी होते व रक्तातील साखर वाढते. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतीय समाजात या दोन्ही परिणामांची परिणती म्युकरमायकोसिसमध्ये, म्हणजेच 'काळी बुरशी' या नावाने परिचित झालेल्या आजारात झाली.

हा आजार नवा नव्हता. त्याचे वर्णन १८८५ मध्ये पाल्टाऊफ यांनी केले होते आणि अनियंत्रित मधुमेहाशी असलेला त्याचा संबंध भारतीय डॉक्टरांना ज्ञात होता. नाक व त्यालगतच्या पोकळ्यांतून ही बुरशी डोळ्यांकडे व मेंदूकडे सरकते, रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते व तेथील भाग मृत होऊन काळा पडतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात देशातील १६ रुग्णालयांत नोंदवलेल्या २८७ रुग्णांपैकी १८७ रुग्णांना कोविड होऊन गेला होता किंवा झालेला होता. म्हणजे दुसऱ्या लाटेपूर्वीच पूर्वसूचना मिळाली होती. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. २० मे २०२१ रोजी केंद्र शासनाने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनचा तुटवडा निर्माण झाला. महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून या उपचारांची सोय केली. तथापि अनेक रुग्णांचा वरचा जबडा किंवा डोळा शस्त्रक्रियेने काढावा लागला. त्या काळात औद्योगिक ऑक्सिजन, ऑक्सिजनच्या बाटलीतील अशुद्ध पाणी अशा कारणांचीही चर्चा झाली. परंतु अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर यांच्याविषयीचे पुरावे सर्वाधिक ठोस आहेत.

प्राण वाचवणारे औषध वेळ व मात्रा चुकल्यास नव्या आजाराचे कारण होते, याचे हे उदाहरण होय. येथे गुंतागुंतीचा उगम केवळ औषधात नव्हता. रोज साखर तपासणारी, मात्रा ठरलेल्या दिवशी थांबवणारी आणि नाकातील काळसर स्राव वेळीच पाहणारी व्यवस्था जेथे अपुरी होती, तेथे ती वाढली.

७. व्यवस्थेतून निर्माण झालेली गुंतागुंत

वैद्यकीय ग्रंथांत नोंदल्या न जाणाऱ्या, पण रुग्णाच्या दृष्टीने तितक्याच घातक अशा काही गुंतागुंती महाराष्ट्राने अनुभवल्या. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथे ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाल्याने किमान २२ रुग्ण मृत्युमुखी पडले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, विरार येथील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत किमान १३ रुग्णांचा अंत झाला. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अतिदक्षता विभागातील आगीत ११ रुग्ण दगावले. ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेल्या हवेत आग वेगाने पसरते, आणि यंत्रांना जोडलेला रुग्ण स्वतःहून बाहेर पडू शकत नाही. त्याच एप्रिल महिन्यात द्रवरूप ऑक्सिजन आणण्यासाठी कळंबोलीहून विशाखापट्टणमला रिकामे टँकर रेल्वेने पाठवावे लागले, यावरून टंचाईची तीव्रता लक्षात येते.

यंत्रांची टंचाई काही प्रमाणात खरेदीने भरून काढता आली, माणसांची मात्र नाही. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने केरळ शासनाकडे ५० तज्ज्ञ डॉक्टर व १०० परिचारिकांची मागणी केली. श्वसनयंत्र आठ दिवसांत बसवता येते. ते चालवणारी, त्याच्या इशाऱ्याचा अर्थ लावणारी परिचारिका तयार होण्यास वर्षे लागतात.

या संदर्भात आणखी एका घटकाचा विचार करणे आवश्यक आहे. भारतीय रुग्णालयांत रुग्णाजवळ बसणे, त्याला भरवणे, कूस बदलणे, पाठ पुसणे ही कामे मोठ्या प्रमाणात नातेवाईक करतात. अतिदक्षता विभागातही आत-बाहेर करणारा, औषधे आणणारा, रुग्णाची ओळख सांगणारा नातेवाईक हा व्यवस्थेचा अलिखित भाग असतो. कोविडच्या काळात संसर्गाच्या भीतीमुळे हे हात अचानक काढून घेतले गेले व त्यांचा भार परिचारिकांवर, तसेच रुग्णालयात 'मामा' आणि 'मावशी' म्हणून ज्यांना हाक मारली जाते त्या कर्मचाऱ्यांवर पडला. संरक्षक पोशाखात घामाघूम होत, एकेका परिचारिकेने अनेक गंभीर रुग्ण सांभाळले. अशा स्थितीत दर दोन तासांनी कूस बदलणे शक्य न झाल्यास पाठीला जखमा होतात. पालथे झोपवलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर दाबाच्या जखमा होतात, हाताच्या नसा दबतात. या गुंतागुंती विषाणूच्या नसून हातांच्या अभावाच्या आहेत.

८. 'बरा झालेला' रुग्ण

अतिदक्षता विभागातून बाहेर पडणे म्हणजे बरे होणे नव्हे, ही जाणीवही कोविडपूर्वीची आहे. १९८४ मध्ये कॅनडातील बोल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर आजारात नसांना होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. २००३ मध्ये कॅनडातच झालेल्या एका अभ्यासात एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना या रुग्णांचे वजन सरासरी १८ टक्क्यांनी घटलेले होते. वर्षभरात त्यांची फुप्फुसे बऱ्याच अंशी पूर्ववत झाली, पण स्नायूंची शक्ती परत आली नाही, आणि एक वर्षानंतरही केवळ निम्म्याच्या आसपास रुग्ण कामावर परतू शकले. २०१२ मध्ये शारीरिक दुर्बलता, स्मृती व एकाग्रतेतील उणीव आणि मानसिक क्लेश यांच्या या समुच्चयाला अतिदक्षतोत्तर लक्षणसमूह असे नाव देण्यात आले.

कोविडमुळे असे रुग्ण एकाच वेळी फार मोठ्या संख्येने निर्माण झाले. शेतमजूर, रिक्षाचालक, गवंडी अशा अंगमेहनतीवर जगणाऱ्यांच्या बाबतीत स्नायूंची क्षीणता म्हणजे उपजीविकेचा प्रश्न होय. खाजगी रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी कर्ज काढलेल्या कुटुंबातील कमावता माणूस घरी परतला, पण कामावर परतला नाही, तर त्या कुटुंबाच्या दृष्टीने साथ संपलेली नसते. अशा रुग्णांना व्यायामोपचार, आहार व मानसोपचार यांची दीर्घकाळ गरज असते. तालुका पातळीवर या सेवा तुटपुंज्या आहेत. म्हणूनच 'बरे झालेले' हा रकाना इतिहासकाराने जसाच्या तसा स्वीकारणे योग्य ठरत नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) कोविड रुग्णांमधील गुठळ्या, मूत्रपिंडांची इजा यांसारख्या गुंतागुंतींमध्ये रोगाचा वाटा मोठा होता. फुप्फुसांची यांत्रिक इजा, जंतुसंसर्ग, भ्रमावस्था, स्नायूंची क्षीणता व काळी बुरशी यांत उपचारपद्धतीचा वाटा लक्षणीय होता.

२) रोगाचा परिणाम म्हणून गृहीत धरलेली गुंतागुंत अपुऱ्या किंवा अतिरिक्त उपचाराचा परिणाम असू शकते, हा १९५२ चा अनुभव २०२० नंतरही लागू पडला.

३) उपचारजन्य गुंतागुंत कमी करणारे बहुतेक उपाय नव्या यंत्रांपेक्षा प्रशिक्षित मनुष्यबळावर अधिक अवलंबून आहेत. सज्जतेचे मोजमाप केवळ खाटा व श्वसनयंत्रे यांच्या संख्येने करणे अपुरे आहे.

४) नातेवाइकांचा सहभाग हा भारतीय रुग्णपरिचर्येचा न मोजलेला घटक असून भावी साथींच्या नियोजनात त्याची सुरक्षित व्यवस्था करणे आवश्यक आहे.

५) अतिदक्षता विभागातून घरी परतलेल्या रुग्णांची नोंद व पुनर्वसन हा सार्वजनिक आरोग्याचा विषय मानला जावा.

१०. समारोप

१८९६-९७ च्या मुंबई-पुण्यातील प्लेगचा इतिहास आज लिहिताना अभ्यासकाला प्रामुख्याने गॅटेकर समितीच्या अहवालासारख्या शासकीय कागदपत्रांवर विसंबावे लागते. त्यांत घरांच्या तपासण्या, छावण्या व मृत्यूंचे आकडे तपशीलवार आढळतात. मात्र पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी ज्यांनी प्राण गमावला, त्या सावित्रीबाई फुले यांच्यासारख्यांनी ज्यांची शुश्रूषा केली, त्या रुग्णांचे दिवस कसे गेले, हे त्या अहवालांतून फारसे कळत नाही. कोपनहेगनचा अनुभव मात्र लासेन यांनी जानेवारी १९५३ मध्येच प्रसिद्ध केला. त्यामुळे तो जगाच्या उपयोगी पडला.

कोविडच्या बाबतीत ही सामग्री अजून हाताशी आहे. अतिदक्षता विभागातील केसपेपर, दर तासाला नाडी, रक्तदाब व ऑक्सिजन नोंदवणारे परिचारिकांचे तक्ते, पाळ्यांच्या नोंदवह्या आणि घरी परतलेल्या रुग्णांच्या व कर्मचाऱ्यांच्या आठवणी ही या काळाची प्राथमिक साधने होत. रुग्णांची गोपनीयता सांभाळून त्यांचे जतन व्हावे. हे काम केवळ वैद्यकीय महाविद्यालयांचे नाही. इतिहास, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी जिल्हा पातळीवर मौखिक इतिहासाचे लहान प्रकल्प हाती घेतल्यास, कोऱ्या राहिलेल्या त्या रकान्यांमधील जागा काही अंशी तरी भरून निघेल. पुढील साथीत अतिदक्षता विभागात किती यंत्रे असावीत यापेक्षा प्रत्येक खाटेजवळ किती हात असावेत, हे ठरवण्यासाठी त्या नोंदींचा उपयोग होईल.